मिश्रीची डबी: लपवण्यापासून सोडण्यापर्यंत

दाताच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या बाईला डॉक्टर विचारतात, "तंबाखू खाता का?" बाई मान हलवून "नाही" म्हणते. शेजारी नवरा उभा असतो, नाहीतर मोठा मुलगा. डॉक्टरांना हिरड्यांवरचा काळपट थर दिसतो. ते एकतर गप्प बसतात किंवा नको तेवढे बोलतात, आणि ती बाई पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाही. हे "नाही" मी स्वतः दिलेले आहे, आणि ते देताना आपण खोटे बोलतो आहोत असे मला मुळीच वाटले नव्हते. तंबाखू खातात ती पुरुष माणसे. चुना लावून तळहातावर मळतात, ओठाखाली धरतात. मी कुठे खात होते? मी मिश्री लावत होते.

बावीस वर्षे लावली, आणि सोडल्याला आता नऊ वर्षे झाली. गेली काही वर्षे आमच्या वस्तीतल्या बचत गटात मिश्री सोडू पाहणाऱ्या बायकांबरोबर मी बसते. त्या बसण्यातून जे उपयोगी पडलेले पाहिले तेच येथे क्रमाने लिहिले आहे. काही ठिकाणी मिश्रीला मशेरी म्हणतात, वस्तू एकच. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. बाईची मिश्री सोडवायला निघालेली माणसे बहुधा तिला आणखी लाजवून सुरुवात करतात, आणि लाजवलेली बाई डबी टाकून न देता आणखी आतल्या जागी ठेवते. सोडायचे असेल तर आधी लपवणे थांबले पाहिजे.

हातात काय आहे ते ओळखणे

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. सुटी पाने आणायची, जुन्या तव्यावर मंद आचेवर काळी पडेपर्यंत भाजायची, आणि गार झाली की हाताने किंवा वाटीच्या बुडाने चुरून पूड करायची. तो तवा भाकरीच्या तव्यापासून वेगळा ठेवलेला असतो. भाजताना जो धूर उठतो त्याने घशात ठसका बसतो, डोळ्यांतून पाणी येते, आणि बाहेर खेळणारी पोरेही खोकत लांब पळतात. म्हणून भाजायची ती दुपारी, घरात कोणी नसताना, मागच्या दाराशी. माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या नखाखाली एक काळी कड कायम असायची. हळदी-कुंकवाला वाण घेताना मी ते बोट मुठीत दुमडून घ्यायचे. वाण देणाऱ्या बाईचेही बोट दुमडलेले असायचे, हे मला फार उशिरा दिसले.

भाजल्याने तंबाखूतले निकोटीन जात नाही. हिरडीवर घासले की ते तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून थेट रक्तात उतरते. दोन-अडीच तासांत रक्तातले त्याचे प्रमाण अर्ध्यावर येते, आणि मग डोके जड होते, कामात लक्ष लागत नाही, बोट डबीकडे जाते. हा रासायनिक हिशेब आहे. तो मनाच्या कमकुवतपणाचा पुरावा नाही, आणि संस्कारांचा तर नाहीच नाही. चघळण्याची, लावण्याची, ओठाखाली धरण्याची धूरविरहित तंबाखू तोंडाच्या कर्करोगाला कारण होते हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे, आणि मिश्री त्याच कुळातली. २०१६-१७ साली झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी १२.८ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरताना आढळल्या, तर विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया सुमारे २ टक्के. तरीही बाईचे व्यसन म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे शहरातली सिगारेट ओढणारी मुलगी येते, मागच्या दाराशी बसलेली आई येत नाही.

त्यामुळे पहिले काम शब्दांचे आहे. "मी मिश्री लावते" याऐवजी एकदा, निदान स्वतःशी, "मी तंबाखू लावते" असे म्हणून पाहा. हे स्वतःला टोचण्यासाठी करायचे नाही. उद्या डॉक्टरांनी विचारले तर खरे उत्तर तोंडातून निघावे यासाठी करायचे आहे.

लाज कुठे राहते

आमच्या घरी सासऱ्यांची तंबाखूची चंची खुंटीला टांगलेली असे. पाहुणा आला की ती आधी त्याच्यापुढे सरकवली जाई, चहा नंतर. त्याच घरात आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची डबी ज्वारीच्या कणगीमागे असे, आणि माझी कनवटीला. तिघांच्या तोंडात एकच पान होते. पुरुषाच्या तंबाखूने गप्पांना सुरुवात होते आणि बाईच्या मिश्रीने तिच्या वळणाबद्दल बोलायला सुरुवात होते, म्हणून तिची जागा अंधारात. विशेष म्हणजे घरात सगळ्यांना सगळे ठाऊक असते. बाई मागच्या दाराने गेली आणि तोंड दाबून परत आली की कोणी विचारत नाही. हे न विचारणे तिला सांभाळून घेणे वाटते, पण त्यातूनच तिला कळते की ही बोलायची गोष्ट नाही.

लाजेचे चक्र कसे फिरते ते मी स्वतःवर पाहिले आहे. मुलीच्या शाळेत पालकसभा होती. बोलताना तोंडाला वास येईल म्हणून मी मागच्या बाकावर बसले, बाईंनी नाव घेऊन विचारले तरी पदराआडून दोन शब्द बोलले. घरी येईपर्यंत मन इतके खट्टू झाले की चप्पल काढण्याआधी डबी काढली. ज्या गोष्टीची लाज वाटली तिच्यानेच ती लाज बधिर केली. एकट्या बाईला हे चक्र आतून तोडता येत नाही असे माझे मत आहे. कोणी तरी एक माणूस लागतो.

कोणाला सांगावे? जिची जीभ तुम्हांला ठाऊक आहे अशा बाईला. ती रोज भेटणारी हवी, भांडणात हे तोंडावर न फेकणारी हवी, आणि शक्य असेल तर स्वतः कधी मिश्री लावलेली हवी. बहीण, जाऊ, शेजारीण, आशाताई, कोणीही चालेल. नवऱ्याला पहिल्यांदा सांगावे की नाही हे प्रत्येकीने आपल्या घरावरून ठरवावे. ज्या घरात हात उगारला जातो तेथे तर ही गोष्ट त्याच्या हाती देऊ नये, आधी बाहेरचे माणूस जोडावे. सांगताना लांब कहाणीची गरज नसते. आमच्या गटात आलेली एक आजी चार बैठका नुसती ऐकत बसली आणि पाचव्या बैठकीला उठताना मला म्हणाली, "ताई, माझ्याबी कनवटीला हाय बरं का." तेवढे पुरले. तुम्हांला वाक्य हवे असेल तर असे म्हणा: "मी बऱ्याच वर्षांपासून मिश्री लावते, मला सोडायची आहे, तू फक्त रोज संध्याकाळी मला विचारशील का?" यात क्षमा मागायची नाही. उपदेश नको, विचारपूस हवी, हे स्पष्ट सांगावे.

आठवडाभर मोजणी

सोडायची तारीख ठरवण्याआधी एक आठवडा नुसते मोजावे. कमी करायची खटपट या आठवड्यात करू नये, नाहीतर मोजणी खोटी पडते. लिहिता येते तिने कॅलेंडरच्या चौकोनात रेघा माराव्यात. आम्ही गटात वालाचे दाणे वापरतो. दर वेळी लावली की एक दाणा वाटीत. रात्री दाणे मोजायचे आणि त्या संध्याकाळच्या मैत्रिणीला आकडा सांगायचा. बहुतेक बायका सुरुवातीला "दोनदा, तीनदा" म्हणतात, आणि वाटीत आठ-नऊ दाणे निघतात. माझे अकरा निघाले होते.

आकड्यापेक्षा प्रत्येक दाण्यामागचे काम महत्त्वाचे आहे. मिश्री आपल्यासाठी काही तरी करत असते, म्हणून ती टिकते. ते काम दुसऱ्या कोणाकडे सोपवल्याशिवाय ती जात नाही.

सकाळचा पहिला दाणा बहुधा परसाकडे साफ होण्यासाठी असतो. निकोटीन आतड्यांना चालना देते, त्यामुळे ही समजूत अगदीच खोटी नाही, आणि सोडल्यावर पहिले काही दिवस बद्धकोष्ठ होते हेही खरे आहे. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, काकडी, पेरू, भिजवलेले मनुके, आणि सकाळी दहा मिनिटे निवांत बसायला वेळ, एवढ्याने दोन-तीन आठवड्यांत पोट आपले आपण चालू लागते. फारच त्रास झाला तर डॉक्टरांकडून सौम्य औषध घ्यावे. त्या कारणासाठी डबीकडे परत जाऊ नये.

दुसरे काम भुकेचे आहे, आणि येथे मी थोडी थांबणार आहे. कामावर जाणाऱ्या कित्येक बायका सकाळी सगळ्यांचे डबे भरतात, स्वतः चहावर निघतात, आणि अकराच्या सुमाराला पोटात कालवले की मिश्री लावतात. भूक मरते. घरी सगळ्यांची जेवणे होऊन उरलेले खाणारी बाईही हेच करते. मी मिश्री सोडली तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मला अशी कडकडून भूक लागली की मी घाबरले; ही भूक गेली बावीस वर्षे रोज तेथेच होती आणि मी तिला रोज झोपवत होते. म्हणून सोडायचे ठरवले असेल तर सकाळची एक भाकरी आणि भाजी स्वतःच्या ताटात आधी पडली पाहिजे, इतरांचे डबे भरण्याच्या आधी. घरात याला कोणी नावे ठेवली तर त्या नावांची लाज बाळगू नये. कामावर जाताना फुटाणे, शेंगदाणे, गुळाचा खडा पदराला बांधून घ्यावा.

तिसरे काम दातांचे. हिरडी दुखली की मिश्री लावली, बधिर झाली, बरे वाटले. पण ठणक दबते आणि कीड आत जात राहते. मिश्री सोडल्यावर लपलेली दुखणी वर येतात, आणि "सोडली म्हणून दात दुखायला लागले" असे म्हणून बाई पुन्हा सुरू करते. हे टाळायचे तर सोडण्याच्या आधीच्या पंधरवड्यात दाताच्या डॉक्टरांना दाखवून घ्यावे. सोबत ती मैत्रीण न्यावी, आणि नवऱ्याला किंवा मुलाला बाहेर बसायला सांगावे. आत गेल्यावर पहिलेच वाक्य म्हणावे: "मी मिश्री लावते आणि सोडणार आहे." दात घासायला साधी पेस्ट पुरते. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांपासून आणि पेस्टपासून सावध राहावे. डबीवर काय लिहिले आहे हे कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

चौथे काम कोणी बोलून दाखवत नाही. मागच्या दाराशी मिश्री लावून बसलेली पाच मिनिटे ही कित्येक बायकांच्या दिवसातली एकमेव पाच मिनिटे असतात, जेव्हा कोणी हाक मारत नाही, कारण तोंडात मिश्री असते आणि ओ देता येत नाही. मिश्रीबरोबर ती पाच मिनिटेही सोडून दिली तर बाई महिनाभरात चिडून उठते. ती ठेवावीत. तीच जागा, तीच वेळ. हातात पाण्याचा तांब्या, तोंडात बडीशेप किंवा लवंग. सुपारी मात्र नको. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोग करते, आणि तिच्यामुळे जबडा आखडून तोंड उघडेनासे होते.

तारीख आणि तवा

मोजणी झाली की येत्या दहा-बारा दिवसांतली एक तारीख धरावी. लग्नकार्य, सुगीची घाई, घरातले आजारपण यांच्या मध्ये ती येऊ देऊ नये. सण म्हणजे संकट असेच नाही. आमच्यातल्या एकीने घटस्थापनेचा दिवस धरला, कारण नऊ दिवस उपवासाच्या निमित्ताने तोंड स्वच्छ ठेवण्याची तिला सवयच होती. एकदम सोडावे की हळूहळू, हा प्रश्न दर वेळी येतो. माझा कल एकदम सोडण्याकडे आहे. पण दिवसाला दहा-बारा वेळा लावणारीने आधीच्या आठवड्यात दर दोन दिवसांनी एक वेळ कमी करावी, शेवटी सकाळची. तारीख मात्र हलवू नये.

आदल्या दिवशी घरातली सगळी पूड काढावी. सगळी म्हणजे कणगीमागची, शिवणाच्या डब्यातली, माहेरी जायच्या पिशवीतली, शेतातल्या झाडाच्या ढोलीतली. तवा भंगारात द्यावा. मी तो भाकरीला घेईन असे म्हणून ठेवला होता, आणि दोन महिन्यांनी त्याच तव्यावर पुन्हा तंबाखू पडली होती. दुसऱ्यांदा सोडताना भंगारवाल्याच्या काट्यावर मी तो स्वतः ठेवला.

घरात सासूबाई किंवा आई लावत असेल तर पेच मोठा असतो. त्यांना सोडायला लावण्याचे व्रत त्याच वेळी घेऊ नये. एवढेच म्हणावे, "आत्याबाई, तुमची तुमच्यापाशी असू द्या, पण मला भाजायला सांगू नका, आणि माझ्यासमोर डबी उघडू नका." भाजण्याचे काम नाकारणे फार गरजेचे आहे; त्या धुरात उभे राहून कोणी सोडू शकत नाही. दुकानातून पाने आणायला मुलीला पाठवणे त्याच दिवशी बंद करावे. अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि घरोघरी मुलींची मिश्रीशी ओळख त्या पुडीतूनच होते.

पहिले चार आठवडे

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. डोके दुखते, झोप मोडते, तोंडाला कोरड पडते, पोरांवर हात उठावासा वाटतो, विनाकारण रडू येते. घरातल्यांना आधीच सांगून ठेवावे की हे आठ दिवस मी चिडकी असेन, माझ्यावर डाफरू नका. दोन ते चार आठवड्यांत हे बहुतेक ओसरते. तलफ आली की ती पाच-दहा मिनिटे चढते आणि उतरते, लावली तरी उतरते, नाही लावली तरी उतरते. तेवढा वेळ काढणे एवढेच त्या क्षणी काम. पाणी घोट घोट प्यावे, चूळ भरावी, दीर्घ श्वास घ्यावा, उठून कपडे वाळत घालावेत, त्या मैत्रिणीच्या दाराशी जावे. हात मोकळा राहू देऊ नये. आमच्यातली एकजण तलफ आली की लसूण सोलायला बसे; त्या महिन्यात तिने सगळ्या शेजाऱ्यांचा लसूण सोलला.

ज्यांची सवय जुनी आणि वारंवार लावण्याची आहे त्यांना निकोटीनच्या च्युइंगगमचा आधार होतो. दोन मिलिग्रॅमची गोळी औषधाच्या दुकानात मिळते, पण किती आणि किती दिवस घ्यायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. ती साध्या च्युइंगगमसारखी सारखी चघळायची नसते. थोडी चावायची, तोंडाला तिखटसर चरचर जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायची, चरचर गेली की पुन्हा थोडी चावायची. अर्धा तास पुरते. भराभर चावून रस गिळला तर उचकी लागते, जळजळते, आणि बाई म्हणते औषध बाधले. तिच्या आधी पाव तास आणि ती तोंडात असताना चहा घेऊ नये. दात हलत असतील तर गोळी जमत नाही. अंगाला चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारावे. हृदयाचा आजार असेल, दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही घेऊ नये.

दिवस गेलेल्या बाईबद्दल वेगळे लिहायला हवे. कित्येकजणी मिश्रीला पहिल्यांदा याच काळात लागतात. मळमळते म्हणून कोणी तरी मोठी बाई प्रेमाने बोट पुढे करते. गरोदरपणातल्या तंबाखूने बाळाचे वजन कमी भरते, दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूती होण्याचा आणि मूल पोटात दगावण्याचा धोका वाढतो. हे सांगताना बाईला पोटातल्या बाळाची शत्रू ठरवू नये. ज्या दिवशी सोडली त्या दिवसापासून बाळाला फायदा आहे, मग तो तिसरा महिना असो की सातवा, असे सांगावे. मळमळीसाठी सकाळी उठताच कोरडी भाकरी, थोडे थोडे खाणे, आल्याचा तुकडा, आणि तपासणीच्या वेळी नर्सबाईंना खरे सांगणे.

पुन्हा बोट गेले तर

जाते. मैतीला गेल्यावर जाते, माहेरी गेल्यावर जाते, नवऱ्याने चारचौघांत बोलल्यावर जाते. मिश्रीपेक्षा त्यानंतरची रात्र धोक्याची असते, कारण तेव्हा लाज परत येऊन म्हणते की तुझ्याने होणारच नव्हते, मग आता लपून का होईना, चालू दे. आम्ही गटात एक रीत ठेवली आहे. सोडल्यापासूनच्या प्रत्येक दिवसाचा एक वालाचा दाणा बरणीत पडतो. ज्या दिवशी लावली त्या दिवसाचा चिंचोका पडतो, त्याच बरणीत. बरणी रिकामी करायची नाही. चाळीस दाण्यांत एक चिंचोका दिसतो तेव्हा चाळीस दिवस वाया गेले असे कोणी म्हणू शकत नाही. माझ्या बरणीत पहिल्या वर्षी सात चिंचोके होते.

चिंचोका पडल्यानंतरच्या बैठकीत तीनच प्रश्न विचारतात: कुठे होतीस, कोण बरोबर होते, आणि त्याआधी शेवटचे कधी खाल्ले होतेस? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार वेळा "सकाळपासून काही नाही" असे येते.

घरातल्यांनी आणि विचारणाऱ्यांनी

नवऱ्याने, मुलांनी वास घेऊन पाहू नये, डबी शोधू नये, पाहुण्यांपुढे विषय काढू नये. नवरा स्वतः तंबाखू खात असेल तर त्याने सोडणे ही सर्वांत मोठी मदत. ते होत नसेल तर निदान बायकोकडे चुन्याची डबी मागू नये. मुलांनी आईला "घाण" हा शब्द वापरू नये. माझ्या मुलाने तो एकदा वापरला होता, आणि त्याचा हेतू चांगला होता, पण त्यानंतर सहा महिने मी त्याच्याशेजारी जेवायला बसले नाही.

आशाताई तीस वर्षांवरील माणसांचा जो आरोग्याचा अर्ज भरतात त्यात तंबाखूबद्दल प्रश्न असतो. तो अर्ज ओसरीवर सगळ्यांसमोर भरला तर उत्तर "नाही" असेच येणार. बाईला बाजूला घेऊन "दाताला काय लावता?" असे विचारले की ती सहज सांगते. डॉक्टरांनाही माझी हीच विनंती आहे; प्रश्नातला एक शब्द बदलला तर पंचवीस वर्षांचे मौन सुटते.

मिश्रीबरोबर दारूही असेल तर वरचे सगळे लागू पडते, पण एक फरक जिवावरचा आहे. रोज बरीच दारू पिणाऱ्या बाईने ती घरच्या घरी एकदम बंद करू नये; हात थरथरणे, झटके, भास होणे असे प्रकार होऊन जीव धोक्यात येऊ शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे. रोज झोपेच्या गोळ्या घेणारीनेही त्या मनाने बंद करू नयेत. दारू पिणाऱ्या बाईवरची लाज मिश्रीच्या कितीतरी पट असते, आणि म्हणून ती उपचाराला फार उशिरा पोहोचते. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे. दारू सोडलेल्यांनी एकमेकांसाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांत पैसे लागत नाहीत आणि तेथे सांगितलेले तेथेच राहते. काही शहरांत स्त्रियांच्या वेगळ्या बैठकाही भरतात.

ज्यांना अजून कोणीच माणूस सापडलेला नाही त्यांनी फोनपासून सुरुवात करावी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, कोणत्याही व्यसनासाठी १४४४६, आणि मन फार खचले असेल तर टेली-मानस १४४१६. तिन्ही सरकारी आहेत आणि फुकट आहेत. पहिला क्रमांक तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला असतो, पण सुटी पाने आणून घरी भाजणाऱ्या बाईला तो पुडा कधी दिसतच नाही. म्हणून हे क्रमांक आम्ही गटाच्या पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवले आहेत, तेथे ते नवऱ्याला दिसले तरी प्रश्न पडत नाही.

महिन्यातून एकदा, मिश्री सोडलेली असो वा नसो, उजेडात आरसा धरून तोंड पाहावे. ओठ बोटाने बाजूला ओढून हिरड्या, गालांची आतली बाजू, जिभेच्या दोन्ही कडा, आणि जीभ उचलून तिच्या खालची जागा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, गाठ, तिखट सोसेनासे होणे, तोंडात तीन बोटे उभी मावेनाशी होणे, यांतले काहीही दिसले तर त्याच आठवड्यात दवाखान्यात जावे. दुखत नाही म्हणून थांबू नये, कारण सुरुवातीला बहुधा दुखत नाही. आमच्या गटात दर पौर्णिमेनंतरच्या रविवारी आम्ही एकमेकींची तोंडे पाहतो. विजेरी एकीच्या हातात, आणि बाकीच्या ओळीने खिडकीपाशी, पदर न धरता, आ करून.